यादीतला क्रमांक नऊ

मंगळ. ३ जुलै २००७, सकाळी ६.१०
मीरा रोड, हाटकेश. कामावरच्या गाळ्याचे शटर उघडायला वीस मिनिटे आहेत. पायरीवर बसून अर्जाची तिसरी नक्कल करतोय. आधीच्या दोन्हींत खाडाखोड. काम गावच्या पांडूदादाचे. पॉवर टिलरच्या, म्हणजे नांगरणीच्या यंत्राच्या, अनुदानासाठी दोनदा अर्ज केला, दोनदा 'निधी संपला'. मग मिळाले कोणाला? माहितीच्या अधिकारात यादी मागवायची. गावात वैर नको म्हणून अर्ज माझ्या नावाने. "तुझं अक्षर बघूनच सायब घाबरेल," म्हणाला. मी नववी नापास आहे हे सायबाला न कळो. खर्चाला त्याने ५० रु. आधीच दिलेत. यादी गणपतीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायची, असे ठरलेय.

शुक्र. २७ जुलै
उत्तर आले. तीन पाने, सहा रु. भरा. मनीऑर्डर केली. पावती डब्यात.

गुरु. १६ ऑगस्ट
यादी आली. क्र. ९ : बाबांचे नाव. आजोबांच्या नावासकट. जमिनीचा गट नंबर आमचाच. चार वेळा वाचले.
बाबा बावीस वर्षे मीरा रोडला वॉचमन. टिलर आहे तो नानाकाकाकडे, गावी. कर्ज काढून घेतला म्हणाला होता. पांडूदादा तोच तासावर भाड्याने नेतो.

शनि. १८ ऑगस्ट
बाबा ड्युटीवरून आले तेव्हा विचारले. बूट काढता काढता म्हणाले, "सह्या दरवर्षीच करतो. गणपतीत आरती झाली की नाना कागद घेऊन बसतो. सोसायटीचे, बँकेचे. सख्ख्या भावासमोर वाचत बसायचं का?"
मग बूट कोपऱ्यात सारून :
"आणि भात कोण लावतं? आपण दोघं?"
हेही खरे. पण पांडूदादाही लावतोच.
जेवताना, खाली बघून : "ते नाव खोडता नाही का येत?"

रवि. २६ ऑगस्ट
पांडूदादाचा फोन. "काय रे, कलेक्टर, आली का यादी?" नाही म्हणालो. "येईल, येईल. मी फळ्याला टाचण्या आणून ठेवल्यात." मग म्हणाला, यंदा लावणीला नानाने टिलरचे तासामागे दहा रुपये वाढवले.
नाही का म्हणालो? आता आली म्हटले तरी तारीख दिसणार. पाकिटावर शिक्का आहे.

मंगळ. ४ सप्टें.
स्टेशनजवळ झेरॉक्स. दोन संच काढले. एक पुरा. दुसऱ्यात नवव्या ओळीवर कागदाची पट्टी ठेवली. दुकानदार बघत होता. "भाई, आठ के बाद सीधा दस? लाइन छूट गयी." मी म्हणालो, चलेगा. तो म्हणाला, "आपका कागज, आपकी मर्जी."


बुध. १२ सप्टें., दुपारी
उद्या सकाळची एस.टी. दोन्ही संच बॅगेत, कपड्यांखाली. बाबांनी बॅग बघितली, विचारले नाही. फक्त म्हणाले, "यंदा माझा चष्मा मी बरोबर घेतोय."
नाना कागद पुढे करील तेव्हा ते काय करतील माहीत नाही. मी काय करीन तेही.

हिशोब :
कोर्ट फी स्टॅम्प १०
रजिस्टर पोस्ट २५
तीन पानांचे ६, मनीऑर्डर १
झेरॉक्स, पुरा संच ३
एकूण ४५
(झाकलेल्या संचाचे ३ माझे. त्याच्या पैशांत धरायचे नाहीत.)
पांडूदादाकडून आलेले ५०
पांडूदादाला देणे : रु. ५ आणि यादी.