शिक्षेबद्दल काही सांगायचंय?

३ नोव्हेंबर, मोरबी
परत तेच. बा फोनवर म्हणतो, "चोरी केली ना त्याने, मग भोगू दे." अरे बा, मी कुठे म्हणतो नाही केली? दिलवर माझा सख्खा लहान भाऊ, पण विसरवाडीच्या ढाब्यावरून ट्रकच्या बॅटऱ्या त्यानेच उचलल्या. गाडी त्याच्या जोडीदाराची, हर्षलची, चालवत होता हर्षल, पान्हा पण त्याचाच. दोघं एकत्र सापडले. कलम एकच, गुन्हा दोघांवर शाबित. मग हर्षल चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सही करून घरी, आणि आमचा एक वर्ष जेलमध्ये? माझं भांडण एवढंच आहे.
बाने फोन कापला.

४ नोव्हें.
टाइल्सच्या पेट्या भरताना डोकं तिकडेच. एक पेटी हातातून गेली. ठेकेदाराची आईवरून शिवी. रूमवरचा सुरेश म्हणे, "बॅटऱ्या दोघांनी काढल्या, पण एकाची गाडी चालू नि एकाची बंद!" हसलो. मग राग आला.

६ नोव्हें.
वकीलताईंना फोन लागला. सरकारी मोफतवाल्या, पण नीट बोलतात. निकाल वाचून दाखवा म्हटलं. हर्षलबद्दल: कॉलेजात शिकतो, चांगल्या घरातला, पुढचं आयुष्य खराब होऊ नये. दिलवरबद्दल: राहण्याचं ठिकाण कायम नाही. शिक्षेबद्दल काही सांगायचंय का विचारलं तर गप्प राहिला. पश्चात्ताप दिसत नाही.
ठिकाण कायम नाही! ऊसतोडीला गुजरातला जातो, संपली की परत येतो. तेवढ्यात घराला पाय फुटतात का?
मग त्याच्या बाजूने कोण बोललं? व.ताई म्हणाल्या, "तेव्हा केस माझ्याकडे नव्हती. आधीचे वकील थोडं बोलले असं दिसतंय." हर्षलचा वकील मात्र बोलतच होता म्हणे.

८ नोव्हें.
जेलमधून दिलवरचा फोन. वेळ थोडा. सरळ विचारलं, तोंड का नाही उघडलंस?
"मी कसा बोलणार दादा? बा मागे बसलेला."
तेव्हा कळलं. आमच्या गावात पंच बसले की ज्याची चूक तो मान खाली घालून बसतो. बोलला तर उद्धट. त्याच्यासाठी घरचा मोठा उठतो, पोराचं चुकलं म्हणतो. दिलवर कोर्टात तेच करत होता. मान खाली, आणि बा कधी उठतो याची वाट बघत. आमच्यात याच्याहून मोठा पश्चात्ताप नसतो. जजसाहेबांना तो दिसला नाही. दिसणार कसा, कोणी सांगितलंच नाही.
पण बा का नाही उठला?

९ नोव्हें.
बाला झाडलं. तू का नाही उठलास? मग म्हणाला, "उठलो होतो. शिपाई म्हणाला, ओ बाबा, खाली बसा, मधे बोलायचं नसतं. बसलो."
आणि हर्षलचा बाप?
"तो वकिलाच्या कानाला लागलेला. त्याला कोणी बस नाही म्हटलं."
एवढे दिवस भोगू दे, भोगू दे करत होता. मला वाटायचं दिलवरवर चिडलाय. तो तर स्वतःवर चिडलेला.

१२ नोव्हें.
हर्षलचा फोन. नंबर कुठून काढला कोण जाणे. "भो, मन्हं काय चुकनं? बापनी मोठा वकील करा, मी सही करी."
मी म्हटलं, तू सुटलास त्याचं मला दुःख नाही. तुला जेलमध्ये टाकून कोणाचं भलं झालं नसतं. आमच्याला टाकून पण होत नाहीये. तू फक्त कोर्टात सांग, गाडी आणि पान्हा तुझा होता.
"बाप मारी टाकी माले."
मग ठेव फोन. ठेवला नाही. मीच कापला.

१५ नोव्हें.
अपील दाखल. व.ताई म्हणाल्या, एकवीसच्या आतल्याला जेल द्यायची तर आधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. दिलवरचा मागवलाच नव्हता. तोच मुद्दा धरणार. मान्य झाला तर तो साहेब घरी येईल, घर बघेल, शेजारी विचारेल. "आणि दाराला कुलूप दिसलं, तर परत तेच लिहून जाईल."
मुकादमाची गाडी शुक्रवारी येते. अख्खा फळा, आमची सगळी वस्ती, ऊस तोडायला जाणार. विचारायला शेजारी तरी कोण उरणार?
पंचांपुढे मान खाली घालायची रीत पण कोर्टात मांडा म्हटलं. मांडते म्हणाल्या. मानतील असं नाही म्हणाल्या.

१६ नोव्हें.
बाला सांगितलं, या वर्षी ऊस नाही. तू आणि आई घरीच. शेजारच्या काकीला पण थांबव. साहेब आला की सगळं बोल, पोराने चोरी केली ते पण बोल.
"मराठीत? ती मला कुठे धड येते?"
येईल तसं.
"आणि खायचं काय?"
मी पाठवतो.
"साहेब महिनाभर आलाच नाही तर?"
तर पुढच्या महिन्यात पण पाठवतो.
बा आईला हाक मारून म्हणाला, बोचकं सोड.

१८ नोव्हें.
ठेकेदाराकडून डबल पाळी मागून घेतली. अपिलाच्या तारखेला मी जाणार, हे पण आत्ताच सांगून टाकलं. "गेलास तर परत येऊ नकोस," म्हणाला. बघू.
आईच्या खात्यावर टाकतोय, ८,५०० रुपये.