नाही जमलं तर बदलू

प्रिय ताई,

रविवारी फोनवर तू प्रश्न विचारलास आणि माझं उत्तर ऐकायच्या आत "बरं, वेळेवर जेवत जा" म्हणून फोन ठेवूनही दिलास. म्हणून हे पत्र. कागदाला मधेच थांबवून "सर्दी बरी झाली का?" असं विचारता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा. तुझ्या चष्म्याच्या दुकानाचे मालक तुला डोळे तपासायच्या कोर्सला पाठवायला तयार आहेत. कोर्स वर्षभराचा, तोही मी राहते त्याच शहरात. आणि तू म्हणतेस, "या वयात वर्गात बसलेली कशी दिसेन मी? तूच सांग बाई, जाऊ की नको." सांगते. पण आधी माझ्या ऑफिसात काय झालं ते ऐक. विषय टाळत नाहीये, शप्पथ.

तू अजून शेजारच्या काकूंना "ती कॉम्प्युटर दुरुस्त करते" असंच सांगतेस, मला माहीत आहे. दुरुस्त नाही गं करत. जुना, मंद झालेला कॉम्प्युटर लोक टाकून देतात ना, त्यावर चालेल अशी फुकटची सिस्टीम आम्ही बनवतो. लिनक्स म्हणतात तिला. जगभरातल्या लोकांनी मिळून ती उभी केली आहे, कुणा एकाच्या मालकीची नाही. आम्ही तिच्यातून नवशिक्यांना सोपं जाईल असं एक रूप तयार करतो. ज्यांनी आयुष्यात कधी माऊसला हात लावला नाही, त्यांच्यासाठी. ऑफिस म्हणजे फर्निचरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सगळीकडे सरसाचा आणि ताज्या लाकडाचा वास. जिना इतका अरुंद, की वरून कुणी येत असेल तर खालच्याने थांबायचं. पण ताई, पहिल्या दिवशी तो जिना चढताना मला वाटलं होतं, मी जग बदलायला निघाले आहे. हसू नकोस. अजूनही अधूनमधून वाटतं.

या खेपेला आमच्यात वाद पेटला तो ब्राउझरवरून. ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण इंटरनेट बघतो ते. कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू केला की त्यात आधीपासून एक ब्राउझर बसवलेला असतो, त्याला डीफॉल्ट म्हणतात. बहुतेक माणसं तो कधीच बदलत नाहीत. बदलता येतो हेच त्यांना ठाऊक नसतं. म्हणजे आम्ही जो देऊ, तोच त्यांचा. आमचे सर, ज्यांनी हे काम सुरू केलं, त्यांना सगळ्यात कडक ब्राउझर हवा होता. तुमच्यावर कुणाला नजर ठेवू न देणारा, पण इतका कडक की निम्मी पानं उघडतच नाहीत. आमच्यातला एक जण जुन्या मशीनची मेमरी वाचवायला टपलेला असतो, त्याला सगळे काटकसरे म्हणतात. त्याला सगळ्यात हलका हवा होता. त्याच्यावर व्हिडिओ कॉल लागत नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग पत्रं लिहा की!" (बघ, त्याचं ऐकलंय मी.) आणि लोकांच्या ओळखीचा जो आहे, त्यावर सगळं चालतं, पण तो आपण कुठे कुठे जातो याची नोंद ठेवत बसतो. ते मला पटेना.

मग मी माझी कल्पना मांडली. आपण ठरवायचंच कशाला? पहिल्याच पानावर पाच ब्राउझरची नावं द्यायची, प्रत्येकाखाली दोन ओळींची माहिती, आणि वर मोठ्या अक्षरात, 'तुमचा ब्राउझर निवडा.' निवड म्हणजे स्वातंत्र्य! मी इतकी तावातावाने बोलले की सरांनी चहा खाली ठेवला. काटकसरे म्हणाला, "हिला निवडणुकीला उभी करा." पण पान बनवायची परवानगी मिळाली. मी जीव ओतून ते बनवलं. रंगसुद्धा तुझ्या आवडीचा घेतला, तो फिकट निळा.

पान दाखवायला मी खालच्या मावशींना वर बोलावलं. त्या फर्निचरच्या दुकानात सोफ्यांची कव्हरं शिवतात. त्यांची लेक लांब राहते, नुकतीच बाळंत झाली आहे. नातीला एकदा हलताना-बोलताना बघायचं, एवढीच त्यांची इच्छा. हात स्वच्छ धुऊन, पदर सारखा करून त्या खुर्चीत बसल्या. स्क्रीनवर माझं पान आलं. मावशींनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "यातलं बरोबर कुठलं गं?" मी म्हटलं, "सगळीच बरोबर आहेत मावशी. तुम्हाला आवडेल ते घ्या." त्या म्हणाल्या, "सगळीच बरोबर, तर मग विचारता कशाला?" मी समजावायला लागले, एकेकाचे गुण सांगायला लागले. मी जितकं बोलत गेले तितक्या त्या आक्रसत गेल्या. शेवटी उठल्या. "लेकीला विचारून येते. चुकीचं दाबलं आणि तुमचं मशीन बिघडलं तर?" म्हणाल्या, आणि गेल्या त्या आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली दिसल्या, तर सुया शोधायचं निमित्त करून पाठ फिरवली. ताई, त्यांना ती परीक्षा वाटली होती. आणि नात तशीच न बघता राहिली.

मी त्या निळ्या पानाकडे बघत बसले आणि मला अचानक कॉलेजच्या प्रवेशाची ती खिडकी आठवली. तुला आठवते का? आपल्या घरातून तिथवर पोचलेलं पहिलंच माणूस मी. आतल्या बाईंनी विचारलं, "कुठली शाखा?" आणि एका दमात सहा-सात नावं म्हणून दाखवली. मी हातातला फॉर्म उलटसुलट करत राहिले. मागे रांग कुरकुरायला लागली. तू माझ्या खांद्यावरून पुढे वाकलीस आणि म्हणालीस, "कॉम्प्युटर लिहा." आणि मग माझ्या कानाशी, हळूच, "नाही जमलं तर बदलू." त्या चार शब्दांनी माझे पाय जमिनीला लागले. आत काय वाढून ठेवलंय हे तुलाही माहीत नव्हतं. पण दार तू उघडून दिलंस, आणि परत यायची वाटही मोकळी ठेवलीस. घरातल्या खिडकीजवळच्या टेबलाचंही तसंच. बाबांचा खांदा निकामी झाला, तू शिक्षण सोडून दुकानात लागलीस, आणि एका संध्याकाळी मी घरी आले तर तुझा पलंग आतल्या भिंतीला गेलेला आणि खिडकीशी माझं टेबल. डुगडुगणाऱ्या पायाखाली चष्म्याच्या खोक्याचा पुठ्ठासुद्धा घडी करून सरकवलेला. तू एवढंच म्हणालीस, "इथं उजेड बरा आहे, बस." मी बसले. तुला तिथला वारा आवडायचा हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, माझं पान काढून टाकू या, आपणच एक ब्राउझर ठरवू या, पण नीट ठरवू या. त्यांना वाटलं मी हरले म्हणून रुसले. तसं नव्हतं. आम्ही तिघांनी मिळून नातीचा कॉल, दवाखान्याची वेळ घेणं, विजेचं बिल असलं रोजचं काम एकेका ब्राउझरवर करून पाहिलं. शेवटी एक निवडला. लोकांनीच मिळून बनवलेला, ना फार कडक ना अगदी हलका. पाळत रोखायची सगळी बटणं आम्हीच आधी चालू करून ठेवली, अक्षर मोठं केलं, पहिलं पान मोकळं ठेवलं. आणि कोपऱ्यात एक बटण, 'दुसरा वापरून बघायचाय?' त्या बटणासाठी मात्र मी भांडले. काटकसरे म्हणाला, "आता ही बटणाच्या तिकिटावर उभी राहणार."

मग मी खाली गेले आणि मावशींना म्हटलं, "काही निवडायचं नाही, नुसतं या." आल्या. स्क्रीनवर एकच चित्र होतं. त्यांनी ते दाबलं, मी लेकीचा कॉल लावून दिला, आणि जांभई देणारी नात समोर. मावशी आधी रडल्या, मग लेकीला ओरडल्या, "अगं, टोपडं केवढं घट्ट बांधलंयस तिला!" त्यानंतर रोज दुपारी येऊ लागल्या. आणि परवा, ताई, त्यांनी आपणहून त्या कोपऱ्यातल्या बटणावर बोट ठेवलं. "हे दुसरं कसलं असतं गं? बघू का दाबून? आवडलं नाही तर आपलं हे आहेच की." मला तर टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

आता तुझा प्रश्न. रविवारी रात्री मी तुला फायदे-तोटे लिहून पाठवणार होते, चांगले पाच-सहा मुद्दे काढले होते. ते फाडले. तुला आयुष्यात कधी कुणी विचारलंच नाही, आणि आता एकदम पाच मुद्दे समोर टाकले तर तूही हात मांडीवर घेऊन उठून जाशील. म्हणून मी आधी आईबाबांशी बोलले. आई म्हणाली, "आम्ही काय कुकुली बाळं आहोत? होईल आमचं." बाबांनी आधी कोर्स किती दिवसांचा ते विचारलं. मग म्हणाले, "तिला म्हणावं, खांदा दुखतो माझा, तिच्या वाटेत आडवा नाही येत." मग मी घरमालकीणबाईंना विचारून दुसरा पलंग आणवला. तो खिडकीशी लावलाय, वारा येतो तिथे. माझा भिंतीकडे सरकवला. तुझ्यासाठी एक टेबल आणलं, त्याचा एक पाय डुगडुगतो, पुठ्ठा तू येताना दुकानातून आण. तू ये. एवढंच सांगायला हे पत्र. ठरवायचं काही नाही, नुसती ये.

नाही जमलं तर बदलू.

तू उजेडात बसवलेली,
तुझीच धाकटी