चारूचा हुंकार

४ जानेवारी, रविवार
विहीणबाईंनी पास पाठवले. मला विचारलं नाही, थेट ज्योत्स्नाच्या मोबाईलवर. सतरा तारखेला धुळ्याला गाण्याचा कार्यक्रम आहे, कोणी मोठ्या बाई गाणार. खाली लिहिलंय, "चारूवर चांगले संस्कार होतील." म्हणजे चार वर्षं इथं मेहरूणला आम्ही पोरीला नुसता चारा घातला.

श्री गजानन प्रसन्न. हे आधी लिहायचं होतं. रागात राहून गेलं.

खरी गोष्ट वेगळीच आहे. सून ज्योत्स्ना पुढच्या महिन्यात ट्रेनिंगला हैदराबादला चालली. एक वर्ष. माझ्या पोराची, प्रेमराजची, दीपनगरला वीजकेंद्रात शिफ्ट, त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, पोरगी काय सांभाळणार. मग चारू कोणाकडे? माझ्याकडे, का धुळ्याला तिच्या आईच्या आईकडे? कुंदाबाई रिटायर मास्तरीण. मी चौथी. ज्योत्स्ना म्हणाली, कार्यक्रम होऊ द्या आई, मग ठरवू. मला काय समजत नाही? ही माझी परीक्षा आहे. पास त्यांनी पाठवले, पण पास मी होणार.

ठराव: पोरगी दोन तास एका जागी बसली पाहिजे.

६ जानेवारी
प्रॅक्टिस सुरू. मोबाईलवर तसलंच गाणं लावलं, चारूला पाटावर बसवलं, घड्याळ समोर. चार मिनिटं बसली. मग पलंगाखाली गेली. दूध उतू गेलं म्हणून मला उठावं लागलं, नाहीतर दहा मिनिटं सहज झाली असती. दहाच धरते.

८ जानेवारी
चारूनं बालवाडीच्या मॅडमना आमच्या घरच्या बोलीत विचारलं, "हाई काय शे?" मॅडमनी ज्योत्स्नाला सांगितलं. ज्योत्स्नानं मला सांगितलं, तोंड वाकडं न करता, पण मला दिसलं. धुळ्याला सगळ्यांसमोर असं नको बोलायला, म्हणाली.

ठराव: आजपासून घरात शुद्ध.

मी म्हटलं, चारू, इकडे ये पाहू. तिनं मागं वळून बघितलं, दुसरं कोण आलंय म्हणून. शुद्ध दुपारपर्यंत टिकलं. मग मांजर दुधात तोंड घालायला लागलं. मांजराला शुद्ध समजत नाही, त्यात माझा दोष नाही.

११ जानेवारी
सापडलं! इतके दिवस डोक्यात कसं आलं नाही. ही पोरगी माझ्या गोष्टीला दीड तास बसते. पाय हलवत नाही. कारण मी तिला हुंकार द्यायला लावलेला आहे. माझ्या आजीनं मला लावला तसाच. सांगणारा सांगतो, ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं. तो थांबला की "मंग?" विचारायचं. हुंकार नाही दिला तर सांगणारा एकटा पडतो आणि गोष्ट वाट चुकते.

म्हणून आज चारूला सांगितलं, गाणं म्हणजे पण गोष्टच असते. ती बाई सांगणार. तू हुंकार द्यायचा. नाही दिला तर तिचा अपमान. मुंडी हलवली पोरीनं.

कुंदाबाईंनी पस्तीस वर्षं पोरं शिकवली. एवढं सुचलं का त्यांना?

१४ जानेवारी, संक्रांत
कुंदाबाईंचा फोन. तिळगूळ वगैरे. मग हळूच विचारलं, चारूला बसायची सवय आहे ना हो, तिथं फार शांतता असते. गोड बोलायचा दिवस. मी गोड बोलले. म्हटलं, तुमच्यापेक्षा जास्त आहे.

फोन ठेवल्यावर छातीत धडधडलं. तिळाचे लाडू दोन जास्त झाले, त्यानं असेल.

१७ जानेवारी, शनिवार, दुपारी, धुळे
एसटीत एरंडोलपर्यंत पोरगी एकदम चांगली. एरंडोलला माझ्या नव्या साडीवर उलटी. पारोळ्याला परत. ज्योत्स्नानं बोटं मोजली, मी बघितलं. आता कुंदाबाईंची साडी नेसून बसलेय. निऱ्या आखूड पडतात. गजानना, आजचा दिवस काढून दे.

१८ जानेवारी, सकाळी
लिहायचं नव्हतं. पण लिहिते.

हॉलमध्ये माणसं इतकी गप्प, मला वाटलं कोणी गेलं की काय. गाणाऱ्या बाईंनी पहिला सूर लावला. चारू म्हणाली, "हूं." हळू म्हणाली. मला बरं वाटलं. दुसऱ्या सुराला "हूं." तिसऱ्याला जरा मोठ्यानं. पुढच्या ओळीतली माणसं वळायला लागली. कुंदाबाई कानात म्हणाल्या, तिला थांबवा. मी तोंडावर हात ठेवला तर चावली. केळीच्या वेफरचं पाकीट काढलं तर ते हुंकारापेक्षा जोरात वाजलं.

गाण्यात एकच ओळ. कोणीतरी घरी यायचा आहे, तो येत नाही. एवढंच. आमच्याकडे एवढ्या वेळात तो येऊन, भरीत-पुरी खाऊन गेला असता. पोरीनं अर्धा तास वाट बघितली. मग बाई श्वास घ्यायला थांबल्या, तबला पण थांबला, आणि नेमकी ती फट गाठून चारूनं अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "मंग? उना का तो?"

ज्योत्स्नानं डोळे मिटले. कुंदाबाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या, अजून शोधत असतील. मी पोरीला उचललं. तिची एक चप्पल राहिली, राहू दिली. दारापर्यंत जाताना एकच डोक्यात, गेली पोरगी. गेली धुळ्याला.

तेवढ्यात मागून माईकमधून आवाज आला, "नाही गं माय, अजून नाही उना. बस, सांगते."

सगळा हॉल हसला. आम्ही दाराजवळच्या पायरीवर बसलो. पोरगी शेवटपर्यंत हूं म्हणत बसली. मी हात ठेवला नाही.

कार्यक्रम झाल्यावर बाईंनी बोलावून घेतलं. चारूची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "गाणारी पुष्कळ येतात. ऐकणारी मिळत नाही. हिला माझ्याकडे पाठवा, आठवड्यातून तीन दिवस." हुंकार कोणी शिकवला विचारलं. मी आखूड निऱ्या सावरून पुढं झाले. म्हटलं, मी. कुंदाबाईंसमोर.

जिंकले. पोरगी माझ्याकडे राहणार आणि गाणं शिकणार. फक्त बाई राहतात कुठं ते विचारायचं राहिलं. ज्योत्स्नाला विचारते.

१८ जानेवारी, दुपारी
बाई धुळ्यातच राहतात. देवपूरला. कुंदाबाईंच्या मागच्या गल्लीत.

२२ जानेवारी
म्हटलं, मी नेत जाईन, तीन दिवस जायचं आणि तीन दिवस यायचं. ज्योत्स्नानं नुसती बोटं मोजली, एरंडोल, पारोळा. म्हटलं, पोरगी धुळ्याला राहिली तर रडून जीव काढेल. तर पोरगी आपली पिशवी आपण भरत होती. माझा चष्म्याचा डबा पण घातला तिनं. चष्मा काढून ठेवला आणि डबा नेला.

लिहून ठेवते: आठ दिवसांत परत येईल.

२ फेब्रुवारी
आली नाही. सर्दी असेल.

८ फेब्रुवारी
आता रोज फोनवर गोष्ट. वेळ कुंदाबाईंनी ठरवली, दुपारी दोन, झोपायच्या आधी. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो म्हणतात. मामा धुळ्याचा, त्यांचाच पोरगा. चुकू दे.

आज कोल्हा एरंडोलच्या बाजाराला निघाला ती सांगितली. चांगली पाऊण तास. हुंकार एकदम वेळेवर, एक चुकला नाही. मनात म्हटलं, बघा, धुळ्यानं काही बिघडवलं नाही. रक्त माझं आहे. शेवटाला मुद्दाम थांबले, विचारते का बघायला. तर विचारलं, "मंग काय व्हयनं?"

आवाज जाड वाटला. म्हटलं, कोण बोलतंय?

कुंदाबाई म्हणाल्या, "मी. चारू कधीच झोपली. म्हटलं तुम्ही एकट्या पडाल. कोल्हा पोचला का हो?"

सांगितलं नाही. फोन ठेवला. मांजराला सांगितलं, ते पण उठून गेलं.

ठराव: उद्यापासून हुंकार चारूनंच द्यायचा. ती झोपली तर विहीणबाईंनी द्यावा, पण पहिल्या हूंलाच आपलं नाव सांगायचं.