बायकोचं प्रवचन

सोमवार

पुन्हा तेच! कपात ओतायचा चहा ह्यांनी टेबलावर ओतला. मी एवढंच म्हणाले, "मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करून घ्या." तर म्हणे, "झालं सकाळचं प्रवचन सुरू." एका वाक्याला प्रवचन म्हणतात?

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी आम्हांला नीट शिकवलं होतं — प्रवचन म्हणजे शास्त्रातलं वचन उलगडून सांगणं. त्याला अभ्यास लागतो, आणि ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचं नसतं. आमच्या घरात अर्थ एकच — बायकोने तोंड उघडलं. ऑफिसात माझं बोलणं ऐकायला साहेब खुर्ची पुढे ओढत. मी निवृत्त झाले आणि प्रवचनकार झाले!

बुधवार

ह्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा स्क्रू हरवला. "हाताला कळतं सगळं," म्हणाले आमचे घड्याळजी. गुडघे टेकून शोधला मी.

गुरुवार

पाळकसाहेब आले होते. वर्षातून एका रविवारी मंडळीतल्याच कुणीतरी प्रवचन करायचं, ही आमच्या चर्चची रीत. यंदा मी! आणि नाव सुचवलं कुणी? ह्यांनीच. "सराव दांडगा आहे हिचा. मी रोज फुकट ऐकतो." पाळकसाहेब हसू दाबत बिस्किट खात बसले.

दार लावल्यावर ह्यांनी हळूच अट घातली, "माझ्या डोळ्यांवर एक अक्षर नको हं. चारचौघांत तरी."

शब्द दिला. दातओठ खाऊन दिला.

शनिवार

विषय ठरला — धीर. ह्या विषयाचा माझ्याइतका अभ्यास मंडळीत कुणाचा आहे?

रविवार

झालं एकदाचं. डोळ्यांचं नावसुद्धा काढलं नाही. हे पहिल्याच बाकावर, इस्त्रीच्या शर्टात, मान ताठ. झोपले नाहीत. मध्ये बोललेही नाहीत — लग्नानंतर प्रथमच.

बाहेर बायकांनी माझे हात हातात घेतले. हे मात्र घरी येईपर्यंत गप्प. म्हटलं, कौतुक करायला जीभ जड झाली असेल.

सोमवार

शेवटी मीच विचारलं, "कसं झालं, ते तरी सांगाल?"

"आवाज छान लागला." मग उगाच चष्मा पुसत राहिले. "बोलताना तुझा चेहरा बघायचा होता गं. मुद्दाम पुढे बसलो. नुसता धुरकट ठिपका... डॉक्टरांना फोन लाव."

लावला. पलीकडून "हॅलो, हॅलो" चाललं होतं. माझ्या तोंडून शब्द फुटेना.