तलावाकडचं उतरतं अंगण

१६ जानेवारी, शुक्रवार
संक्रांतीचं हळदीकुंकू यंदाही अलकनंदाताईंकडेच! भिंतीला भिंत लागून घरं, मागे तोच तलाव — पण त्यांचं अंगण ताटासारखं सपाट, माझं घसरगुंडी. माझ्याकडे बायका दारातूनच वाण घेऊन पळतात. "तुझ्याकडे बसलो तर थेट तलावात गं, वैदेही!" हसल्या सगळ्या. मीही हसले. लाडू अर्धाच ठेवला.

२० जानेवारी
ठरलं. अंगण सपाट करायचं, चैत्रगौर माझ्याकडे बसवायची. वरची माती कापून खाली टाकली की झालं, मुरूम विकत घ्यायला नको. हे म्हणाले, "तलावकाठ आहे, नगरपालिकेची परवानगी लागंल."
"बाजूच्यांनी घेतलती?"
"मले काय मालूम!"

३ फेब्रुवारी
अर्जासोबत शेजाऱ्यांची अनापत्ती — ना-हरकत — हवी. म्हणजे त्यांचीच सही! देवा, हिच्याच दारात न्यायचं होतं?
गेले. चहा आला, तिळाच्या वड्या आल्या — खुसखुशीत, मेल्या. ताईंनी न वाचताच सही केली. "एवढ्यासाठी काहून लाजून राह्यली वं? यंदा तुह्या अंगणात बसू."
सपाट अंगणात उभं राहून मोठं मन दाखवायला काय लागतं!

१९ फेब्रुवारी
नगरपालिकेचे उपयंत्री, म्हणजे इंजिनिअर, टेप घेऊन आले. काठापर्यंत गेले, मान हलवली. "माताजी, तालाब की तरफ मिट्टी नहीं डाल सकते. ऊपर जितना काटना है काट लो."
म्हणजे निम्मंच अंगण! तोंडातून निघून गेलं — "तो बाजूवालों का कैसे हो गया?"
त्यांनी भिंतीवरून डोकावलं. "अच्छा! ये कब भरा?"
टेप तिकडे गेला.
संध्याकाळी जपाला बसले. मणी सरकत होते, मन भिंतीपलीकडे. खोटं कशाला लिहू — आतून गोड वाटत होतं.

७ मार्च
मला परवानगी आली. त्यांच्या फाटकावर नोटीस — विनापरवाना भराव काढा, काठ होता तसा करा.
देवापुढे साखर ठेवली. परवानगीची की नोटिशीची, विचारू नये.

२४ मार्च
माझं वरचं अंगण झालं. सडा घातला तर पाणी जागच्या जागी राहिलं! तिकडे जेसीबी घरघरतोय. ताईंचा गुलाब, मोगरा, सगळं ट्रॉलीत गेलं. मी पडद्याआडून पाहिलं. दोनदा.

२ एप्रिल
सगळ्यांना बोलावणं करून आले. ताईंनाही. "येईन नं! पण तू पहिले इकडं ये, एक गंमत दाखवतो." गेले नाही. डाळ भिजवायची होती.

३ एप्रिल, शुक्रवार
त्यांच्या भरावाखालून तलावाच्या जुन्या दगडी पायऱ्या निघाल्या. बायका माझ्या गौरीला कुंकू लावून, आंब्याची डाळ द्रोणात घेऊन तिकडेच गेल्या — सगळ्या पाण्यात पाय सोडून बसल्यात! ताई भिंतीवरून हाका मारताहेत, "ये वं वैदेही! तू त्या साहेबाले विचारलं म्हणून तं निघाल्या!"
म्हणजे ताईंना ठाऊक होतं.
सतरंजी सपाट पसरली आहे. वर मी एकटी.