अभ्यासिकेतला पंखा

सर, तुमच्या अभ्यासिकेत आता आवाज होतो. फार मोठा नाही. दुपारी ऊन चढलं की टेबलांवरच्या कॉम्प्युटरांतून एक बारीक घरघर सुरू होते आणि संध्याकाळी आपोआप उतरते. तुम्ही असता तर पहिल्याच मिनिटाला उठून आला असता, टेबलावर बोट टेकवून एकच शब्द बोलला असता, "पंखा." आणि मी तो मुकाट्याने बंद केला असता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी परवापर्यंत मी तो तुमच्या आठवणीखातर दाबूनच ठेवला होता. त्यातून जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगून समजणार नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे.

इंदूरबाहेर, आपल्या राऊला तेव्हा आजच्यासारख्या कॉलन्या नव्हत्या. आमची वस्ती रस्त्याला लागून, एकेका खोलीत अख्खं कुटुंब. कुणाचा टीव्ही, कुणाचं शिलाई मशीन, कुणाची सासू. पुस्तक उघडावं तर कुठे? तुम्ही तुमच्या घराची पुढची पत्र्याची खोली आम्हाला उघडून दिलीत. पहिल्या दिवशी तुम्ही जे बोललात ते माझ्या कानात अजून तसंच आहे: "शांतता मोठ्या लोकांच्या घरात फुकट मिळते. आपल्याला ती बनवावी लागते." तुमचे आजोबा महूच्या पलटणीतले, पण तुमचं बालपण गेलं ते पिठाच्या गिरणीला चिकटलेल्या घरात, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तुम्ही ती शांतता खरोखर सुताराने खुर्ची बनवावी तशी बनवलीत. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून खुर्च्यांच्या पायांना बसवलेत. दाराच्या बिजागरीत तेल. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून ते आत नेलंत. चपला अंगणात. आणि मागे स्वयंपाकघरात काकूंना कुकर लावायची बंदी, कारण शिट्टी. काकू डाळ उघड्या पातेल्यात शिजवायच्या. ती शिजता शिजायची नाही आणि तिच्या वासाने आमच्या पोटात कावळे ओरडायचे. तेवढा एक आवाज तुम्हाला बंद करता आला नाही.

माझी सवय तुम्हाला आठवते का? मला मनात वाचता यायचं नाही. डोळे ओळीवरून फिरायचे आणि डोक्यात काही उतरायचं नाही. ओठ हलले, शब्द कानावर पडला, की मग तो पक्का बसायचा. त्या दिवशी मी नागरिकशास्त्र वाचते आहे. बाहेर थंडी आहे, खिडकीतून ऊन माझ्या वहीवर येतं आहे, आणि मी न्यायालयांचा धडा हळू आवाजात, जवळजवळ गाणं म्हणावं तशी, वाचते आहे. तुम्ही कधी येऊन उभे राहिलात मला कळलंच नाही. टेबलावर तुमचं बोट टेकलं. "ओठ," तुम्ही म्हणालात. रागावला नव्हतात. रागावला असतात तर बरं झालं असतं, मी घरी जाऊन रडले असते आणि मोकळी झाले असते. त्याऐवजी मी मान हलवली आणि ओठ मिटले.

मिटलेल्या ओठांनी जे जमतं ते गणित, सर. पेन्सिल चालते, तोंड लागत नाही. नागरिकशास्त्र, इतिहास, मराठी, सगळं हळूहळू माझ्या हातून सुटत गेलं आणि मी समजले की माझं डोकंच त्या बाजूचं नाही. मला वकील व्हायचं होतं. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही, आईलाही नाही. न्यायालयांचा तो धडा मी इतक्या वेळा वाचत होते तो परीक्षेसाठी नव्हता. पुढे मी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, पास झाले, आणि तुम्ही सगळ्या वस्तीत पेढे वाटलेत. मला जवळ बोलावून ट्यूबचे चार तुकडे हातावर ठेवलेत, म्हणालात, "ऑफिसात तुझी खुर्ची वाजायला नको." माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यात आवडती भेट आहे. ती अजून माझ्या खुर्चीला आहे, आणि ती पाहिली की मला माझे मिटलेले ओठ आठवतात. दोन्ही खरं आहे.

मागच्या हिवाळ्यात काकूंचा फोन आला. "सगळं ऑनलाइन झालंय गं आता. पोरं येतात, मोबाइलमध्ये मान मोडून बसतात. तू काही कर ना." माझं तर कामच ते. इंदूरच्या एका कंपनीत मी छोटे कॉम्प्युटर तपासते, अर्ध्या किलोच्या मिठाईच्या डब्याएवढे. आमच्या धंद्यात एक भांडण रोजचं आहे. कॉम्प्युटर जितका राबतो तितका तापतो, आणि ती उष्णता बाहेर ढकलायला पंखा लागतो. मोठ्या डब्यात मोठा पंखा आरामात फिरतो. लहान डब्यात मावणारा पंखा एवढासा, त्याला तेवढीच हवा ढकलायला जीव तोडून फिरावं लागतं, आणि मग तो किंचाळतो. लहान हवा, गप्प हवा आणि वेगवानही हवा, असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हात जोडते. तुमच्या खोलीसाठी मात्र मला विचारच करावा लागला नाही. आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून मशीनं आणली, मी पंख्यांना एका वेगाच्या वर जाताच येणार नाही अशी सेटिंग केली, डब्यांखाली ट्यूबचे तुकडे लावले. सगळी मशीनं चालू करून खोलीच्या मधोमध डोळे मिटून उभी राहिले. काही ऐकू आलं नाही. मला रडू आलं. वाटलं, तुम्ही असता तर मान हलवली असती.

तेव्हा डिसेंबर होता. मे महिन्यात पत्र्याखालची ती खोली काय होते हे मला माहीत असायला हवं होतं, त्याच पत्र्याखाली मी वाढले. पंख्याला बांधून ठेवलं की उष्णता आतच राहते, आणि फार तापलं की कॉम्प्युटर स्वतःला वाचवायला आपणहून हळू होतो. स्क्रीनवर काही लिहून येत नाही, घंटी वाजत नाही. काम चालूच असतं, फक्त रेंगाळत. ऑफिसात मी रोज हेच मोजते. मेमधल्या एका रविवारी दुपारी मी एक कीबोर्ड बदलायला गेले आणि तपासावा म्हणून चार ओळी टाइप केल्या. माझी बोटं थांबली तरी अक्षरं एकेक करून येतच होती.

मी एका मुलाला अंगणात बोलावलं आणि विचारलं, हे कधीपासून आहे.

"होळीनंतर असंच चाललंय, मॅडमजी. आम्हाला लगा, असंच असतं."

"मग सांगायचं ना कुणाला तरी."

तो गोंधळला. "इथे बोलत नाहीत ना," तो म्हणाला.

मग दारातून मला आतली भिंतीकडची रिकामी खुर्ची दिसली. तिथे एक मुलगी बसायची. सरकारी क्लर्कची लेखी परीक्षा पास झाली होती, फक्त टायपिंगची चाचणी बाकी होती, आणि तिच्याकडे सरावाला दुसरी जागा नव्हती. त्या मुलाने सांगितलं की ती एप्रिलपासून येत नाही. टायपिंगच्या परीक्षेला गेलीच नाही. इंदूरला पलासियाच्या एका दवाखान्यात रिसेप्शनवर लागली आहे.

मी दुसऱ्या दिवशी तिथे गेले. पेशंट बसले होते, ती मान खाली घालून रजिस्टर भरत होती. मी तिला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं की मशीन हळू झालं होतं, तू हळू नव्हतीस, आणि ते माझ्यामुळे झालं होतं. तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मॅडम, मी घरी जाऊन बोटं गरम पाण्यात धरून बसायची. मम्मी बोलायची, नसांचं काही असेल, डॉक्टरला दाखव." मी विचारलं, मला एक फोन का नाही केलास. "काय सांगणार? बाकी सगळे चुपचाप करत होते. मला लगा माझंच काही कमी आहे. परीक्षेत सगळ्यांसमोर तमाशा कशाला करायचा." तेवढ्यात फोन वाजला आणि तिने तो उचलून स्वच्छ, खणखणीत आवाजात कुणाला तरी वेळ दिली. फोन ठेवून म्हणाली, "आता सांगून काय होणार, मॅडम?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला तो हवा होता. रस्त्यावर गर्दीत आल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मी तुमच्याकडून फक्त शांतता शिकले नव्हते, ती कुणाच्या तोंडावर कशी ठेवायची तेही शिकले होते.

तिथून मी काकूंकडे गेले. त्या आता थकल्या आहेत, पण स्वयंपाक स्वतःच करतात. ओट्यावर डाळीचं पातेलं चढवलेलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी चमच्याने डाळ घोटत ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "तुला माहिताय का, हे स्वतः त्या खोलीत कधी वाचायचे नाहीत. इथे यायचे, या पाटावर बसायचे, आणि बडबड बडबड, सगळा धडा मोठ्याने. मनात वाचलं तर त्यांच्या डोक्यात काही जायचंच नाही. गिरणीजवळ वाढलेले ना. तिच्या वर आवाज काढून पाठ करायची आदत." काकू पुढे म्हणाल्या, "मी बोलली होती त्यांना, ती पोरगी तुमच्यासारखीच आहे, तिला माझ्याकडे किचनमध्ये पाठवा, बसेल इथे पुटपुटत. तर म्हणाले, एकीला सूट दिली तर सगळे बोलायला लागतील. आणि तू इंजिनियर झालीस तेव्हा मलाच ऐकवलं, बघ, शांत बसली तर कुठे पोचली."

तुम्हाला माहीत होतं. सर, मला आधी भयंकर राग आला. जाऊन इतकी वर्षं झालेल्या माणसावर चिडून काही उपयोग नसतो हे माहीत असूनही मी तुमच्या पाटाकडे बघत चिडले. पंधरा पावलांवर एक पाट होता, काकू होत्या, डाळीचा वास होता, आणि मला तिथे बसवता आलं असतं. मग राग उतरला आणि खाली नुसतं दुःख उरलं. कारण मीही कधी तुमच्याकडे येऊन म्हटलं नाही की सर, मला असं वाचता येत नाही. एकदा म्हटलं असतं तर तुम्ही कदाचित हसून मला आत नेलं असतं. आपण दोघं एकाच दुखण्याची माणसं, इतकी वर्षं एका खोलीत बसलो आणि एकमेकांना सांगितलं नाही. आता ज्याला विचारायचं तो नाही.

मी त्याच दुपारी सगळ्या मशीनांचे पंखे मोकळे केले. खोलीत घरघर सुरू झाली आणि पोरांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू दे. काकू दारात येऊन ऐकत उभ्या राहिल्या. मग अगदी हळू, तुम्ही अजून आत कुठे असाल तसं, मला म्हणाल्या, "मग आता मी कुकर लावू का गं?" तुम्ही गेल्यानंतरही त्यांनी तो लावला नव्हता. मी लावा म्हटलं. पहिली शिट्टी झाली तेव्हा त्या स्वतःच दचकल्या, आणि मग हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले.

ती मुलगी आज आली आहे. दवाखान्याला रविवारची सुट्टी असते. काही न बोलता भिंतीकडच्या खुर्चीवर बसली, सरावाचा उतारा उघडला, टाइप केला. शेवटी स्क्रीनवर तिचा वेग आला. पूर्वी होता तेवढाच, परीक्षेला पुरून उरेल एवढा. ती त्या आकड्याकडे बघत राहिली, मग तिने आपली दोन्ही हातांची बोटं समोर धरून पाहिली. पुढची भरती कधी निघेल हे तिने मला विचारलं. मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. तिने मान हलवली आणि उतारा पुन्हा सुरू केला.

मी तुमच्या खुर्चीवर बसून हे लिहिते आहे. हे कुठे पाठवायचं नाही, काकूंनाही वाचून दाखवणार नाही. त्या बिचाऱ्यांना वाटेल मी तुमच्यावर फिर्याद लावली. पंखे चालू आहेत, मागे कुकर चढला आहे, या खोलीत आता कुणी काही बोललं तर कुणाला त्रास होणार नाही. प्रत्येक वाक्य मी आधी पुटपुटते आहे आणि मग कागदावर उतरवते आहे. पण तुम्हाला खोटं कशाला सांगू, सर. डावा हात तोंडावर धरला आहे.