श्रवणसंरक्षणाची लेखी परीक्षा

३ फेब्रुवारी, सकाळी ७.४०
प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या यंत्रांमधला, आवाज मोजला. ९८ डेसिबल. आठ तासांच्या पाळीसाठी कायद्याची मर्यादा ९०. चौसष्ट माणसे त्या गोंगाटात उघड्या कानांनी उभी राहतात, आणि माझ्या आधीच्या सेफ्टी ऑफिसरने नऊ वर्षांत केले काय, तर भिंतीवर कानाचे एक चित्र लावले. तेही डाव्या कानाचे, खाली 'उजवा कान' असे लिहिलेले. संताप अनावर झाला. एम.टेक.चे सुवर्णपदक मी रांजणगावात चित्रे सरळ करण्यासाठी मिळवले नव्हते.
संकल्प: ३१ मार्चपर्यंत शंभर टक्के श्रवणसंरक्षण. इअरप्लगच्या दोनशे जोड्या आजच आल्या. कपाटात कुलूपबंद केल्या. प्रशिक्षण आणि लेखी परीक्षा झाल्याशिवाय एकही जोडी बाहेर जाणार नाही. चुकीचा घातलेला प्लग हा न घातलेल्या प्लगपेक्षा घातक असतो. (हे वाक्य पुस्तिकेत घ्यावे.)

७ फेब्रुवारी, दुपारी १.१५
जेवणाच्या सुट्टीत मारुतराव केबिनमध्ये आले. दोनशे टनी प्रेसवर एकवीस वर्षे. रोज राहू गावाहून येतात. म्हणाले, साहेब, एक जोडी द्या, घरी गेलं तरी कानातलं रातकिडं गप बसत न्हाईत. सून बोलती ते न्हाई ऐकू आलं तरी चालतंय, उलट बरंच हाय. पर नात आत्ता कुठं बोलाया लागलीय, करिश्मा, ती काय म्हणती तेच कळंना.
मी प्रशिक्षणाची तारीख सांगितली. तर म्हणाले, कानात बूच तर घालायचंय, त्याला शाळा कशापायी?
बूच! पुस्तिकेत मी 'कर्णरोधिका' असा शब्द योजला आहे. नकार दिला, अर्थात सौजन्याने. एकदा अपवाद केला की नियमाला अर्थ उरत नाही.

१४ फेब्रुवारी, सायंकाळी ७
पुस्तिका छापून आली. सेहेचाळीस पाने, अकरा मुद्रणदोष. सगळा गठ्ठा परत पाठवला. छापखानेवाला म्हणाला, सर, दोन वेलांट्यांनी कुणाचे कान जाणार आहेत का? शिरूरमध्ये छापखाना चालवून भाषेविषयी इतकी बेफिकिरी! प्रशिक्षण दहा दिवस पुढे ढकलले. पत्नी स्नेहल म्हणाली, सेहेचाळीस पानं वाचून होईपर्यंत बहिरे होतील बिचारे. ती मराठीची शिक्षिका आहे; तिने तरी असे बोलू नये.

२५ फेब्रुवारी, दुपारी ३.३०
पहिली तुकडी. प्रेस शॉपचे सत्तावीस, ऑफिसचे तीन. हॉल ग्राहकाच्या ऑडिटने अडवलेला, म्हणून प्रशिक्षण प्रेस शॉपच्या कोपऱ्यातच घेतले. अंतर्कर्णाची रचना, पन्नास मिनिटे. मागच्या रांगेतल्या सगळ्यांनी हात कानामागे धरले. ती जिज्ञासा पाहून आणखी दहा मिनिटे बोललो.
परीक्षेत उत्तीर्ण तीन. दोघे अकाउंट्सचे, एक रिसेप्शनची. वीसपैकी अठरा ही अट मी मुळीच शिथिल करणार नाही. तिघांना समारंभपूर्वक प्लग दिले. मारुतरावांना अकरा. 'मध्यकर्णातील तीन अस्थींची नावे लिहा' या प्रश्नाखाली त्यांनी लिहिले आहे: नावं म्हाईत न्हाईत, जाग्यावर असत्याल.
हा औद्धत्याचा प्रकार आहे. अर्धा गुणही दिला नाही.

५ मार्च, सकाळी ११
अमानुष! सात जणांच्या कानांत कापूस. विचारले तर म्हणतात, थोडं बरं वाटतं साहेब. बरं वाटतं! कापसाला कोणतेही प्रमाणपत्र नाही. त्याने आवाज किती घटतो याची नोंद नाही. सातही जणांचा कापूस माझ्यासमोर काढायला लावला. मेमो दिले. मारुतरावांनी मेमो घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, साहेब, तुमचं देत न्हाई, आमचं ठिवत न्हाई, मग आमी करायचं काय? अभ्यास, असे मी उत्तर दिले. उत्तर नेमके होते.

१४ मार्च, दुपारी ४
सुलक्षणा आली. प्रेस लाइनची सुपरवायझर, पाबळच्या तांत्रिक शाळेतून शिकलेली. म्हणाली, सर, खरा आवाज प्रेसचा निम्मा, निम्मा पत्र्याच्या पेटीत पार्ट पडतात त्याचा. पेटीला आतून रबर लावलं तर? साखर कारखान्याच्या कन्व्हेयरचा जुना पट्टा मारुतमामांकडे पडलाय. गोठ्यात म्हशीखाली घातलाय, त्यातला उरलेला.
म्हशीखाली! मी विचारले, ड्रॉइंग कुठे आहे? तासाभरात पेन्सिलीने काढून आणले. मापे बरोबर होती, नाव-तारखेची शीर्षकचौकट नव्हती. परत केले. आवाज उगमस्थानी रोखावा हे मलाही ठाऊक आहे, माझ्या पुस्तिकेच्या एकोणतिसाव्या पानावर आहे. तिथवर कोणी वाचले असते तर ही सूचना घेऊन माझ्याकडे यायची गरज नव्हती.

२७ मार्च, सायंकाळी ५.३०
पुनर्परीक्षा. मारुतराव चौदा. प्रगती आहे, हे मी त्यांना आवर्जून सांगितले. ते म्हणाले, मार्क राहू द्या साहेब, कान चाललाय. ते एकदाच बोलले तरी मला समजले, माझे म्हणणे मात्र त्यांना तीनदा सांगावे लागले. एकाग्रता अजिबात नाही.

३१ मार्च, सायंकाळी ६
उद्दिष्टाचा आढावा. पुस्तिका, नोंदवह्या, प्रश्नपत्रिकांचे चार संच, उपस्थितीपत्रके: सर्व शंभर टक्के पूर्ण. केवळ प्लगचे वाटप शिल्लक आहे. कामगार तयार नसतील तर त्याला अभियान काय करणार? मुदत ३० एप्रिलपर्यंत वाढवली.

९ एप्रिल, सकाळी ८
तीन दिवस पुण्यात परिषदेला होतो. 'लघुउद्योगातील आदर्श श्रवणसंरक्षण' हा माझा शोधनिबंध वाचला. परतल्यावर पाहतो तर काय, सगळ्या पेट्यांना आतून काळा पट्टा! कुणी लावला? एक हेल्पर म्हणाला, साहेब, आपोआप आला असंल. सगळे हसले. ते हसणे मला दारातून ऐकू आले, हेच मुळात विचित्र वाटले.
मीटर लावला. ९१. अशक्य. फेब्रुवारीपासून ९८ दाखवणारा मीटर एकाएकी ९१ कसा दाखवेल? मीटर बिघडला आहे. अचूकता तपासायला, कॅलिब्रेशनला पाठवला, आणि पट्टे त्याच क्षणी काढायला लावले. सुलक्षणा म्हणाली, सर, मीटर राहू द्या, नुसतं उभं राहून ऐका ना. कानांवर विसंबून मोजमाप करायचे असते तर मीटरचा शोध लागलाच नसता.

१७ एप्रिल, दुपारी १२
मीटर परत आला. पट्टे काढल्यानंतर पुन्हा मोजले: ९८. म्हणजे आता दुरुस्त झाला. कॅलिब्रेशनच्या अहवालात 'कोणताही दोष आढळला नाही' असे लिहिले आहे. आपण काय दुरुस्त केले हेही त्या लोकांना कळत नाही!

२९ एप्रिल, सायंकाळी ६.१५
श्रवणतपासणीची व्हॅन. मारुतराव काचेच्या खोलीत बसले होते. ऐकू आले की बटण दाबायचे. फार वेळ त्यांचे बोट हललेच नाही. नंतर डॉक्टरबाईंनी आलेख समोर ठेवला. उजव्या कानाची रेघ खाली घसरलेली, डाव्याची त्याहून खाली. म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा.
मग प्लांट हेडच्या देखत विचारले, इअरप्लग किती महिन्यांपासून वापरतात? मी म्हणालो, अभियान प्रगतिपथावर आहे. त्या म्हणाल्या, यांनी किती महिने वापरले? मी म्हणालो, तीन व्यक्तींनी पात्रता सिद्ध केली आहे. कोणत्या मशीनवर असतात, असे त्यांनी विचारले.
अकाउंट्स, मी म्हणालो. आणि रिसेप्शन.
प्लांट हेडनी हात पुढे केला. मी कपाटाची किल्ली दिली.

३० एप्रिल, सकाळी ९
पहिल्या पाळीच्या सुरुवातीला वाटप झाले. दुसऱ्या पाळीच्या माणसांनाही लवकर बोलावले होते. सुलक्षणाने खोका टेबलावर पालथा केला. यादी नाही, सही नाही. प्रत्येकाला एवढेच सांगत होती: बोटांत पिळा, कान वर ओढा, आत सरकवा, फुगेपर्यंत धरून ठेवा. पेट्यांमध्ये पट्टे कालच पुन्हा बसले होते.
मी रात्रभर विचार करून दीड पानाचे स्पष्टीकरण तयार केले होते. प्रक्रियेमागची भूमिका, मनुष्यबळाची मर्यादा, सर्व काही. मारुतरावांना प्रेसजवळ गाठून वाचून दाखवले. ते शेवटपर्यंत माझ्या ओठांकडे पाहत राहिले. मग सुलक्षणाकडे वळून मोठ्याने म्हणाले, काय म्हणत्यात गं साहेब?
ती त्यांच्या उजव्या कानाशी गेली. म्हणाली, साहेब म्हणतात, उशीर झाला, मामा.
दीड पानात मी असे कुठेही लिहिलेले नाही. तिला थांबवायला तोंड उघडले, पण दुरुस्ती सुचली नाही.
मारुतराव म्हणाले, व्हय, ते झालंच. प्लग पिळला, कान वर ओढला, सरकवला, धरून ठेवला. मग दुसरा. दोन्ही अचूक. प्रेसकडे वळले.
चौसष्ट जणांच्या वाटपाला लागलेला एकूण वेळ: नऊ मिनिटे.